तिसरीच्या वर्गात बाईंच्या हातात फोन: शिकवणं की खेळवणं?

तिसरीच्या_बाई
काल इथे एका पालकांनी लिहिलं, "प्राथमिकच्या शिक्षकांनी फोन हातात घेतला आणि शिकवणं सोडलं. खडू-फळा पुरे आहे." खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. मला ते लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वडोदऱ्यात तिसरीला शिकवते, मराठी माध्यम, 36 मुलं. या सत्रात सुट्टीच्या दिवशी बसून एकेक साधन तपासलं. कहूट (फोनवरचा प्रश्नमंजुषेचा खेळ) सोडून दिलं, कारण त्याला मुलांच्या हातात यंत्र लागतं आणि जो घाई करतो त्याला जास्त गुण. पुस्तकांतले दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपचे क्यूआर कोड उघडून पाहिले. काही व्हिडिओ चांगले आहेत, पण मूल नुसतं बघत बसतं. टिकलं ते प्लिकर्स. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड, त्यावर काळी-पांढरी चौकट, चार बाजूंना A, B, C, D. ज्या अक्षराची बाजू वर धरली ते उत्तर. फोन एकच, माझा. वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोणी काय निवडलं ते दिसतं.

प्रश्न दिला: 403 वजा 158. 245 बरोबर. 9 मुलांनी 355 निवडलं, म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, मग तो वर असो की खाली. 6 जणांनी 345, म्हणजे हातचा घेतला पण शतक कमी करायला विसरले. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि दोन्ही वेगळ्या शिकवाव्या लागतात. त्या 6 जणांना मी महिनाभर 'येतं' असं समजत होते. फळ्यासमोर "समजलं का?" विचारलं की 36 माना हलतात.

रावपुऱ्याचा_बाप
बाई, कालची पोस्ट माझीच. तुमच्या कार्डांवर मी बोललोच नव्हतो. माझ्या मुलीच्या शाळेतून (तुमची नाही) गृहपाठ रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर येतो. घरात फोन दोन. माझा दुकानात, दुसरा मुलीच्या आईकडे. मुलगी जेवताना पडद्यावरून वहीत उतरवते. वर 'पूर्ण झाल्याचा फोटो टाका'. तुम्हाला साधन मिळालं, आम्हाला दुसरी पाळी. म्हणून फोन म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पाटी_पेन्सिल
35 वर्षं प्राथमिकला काढली. बाई, जे तुम्ही कॅमेऱ्याने करता ते आम्ही पाटीवर करत होतो. "उत्तर लिहा, पाटी उलटी ठेवा, आता वर करा." सगळा वर्ग एका नजरेत. 355 लिहिणारा तिथेच सापडायचा. आणि त्याने लिहिलेलं असायचं, चारातून निवडलेलं नव्हे. चार पर्यायांत अंदाजाने बरोबर येणारं मूल तुमचा फोन ओळखतो का?

तिसरीच्या_बाई
@पाटी_पेन्सिल नाही ओळखत. म्हणून तोच प्रकार दुसऱ्या दिवशी अंक बदलून पुन्हा देते. लिहिणं पाटीवरच चांगलं, मान्य. पण 36 पाट्यांत मला पुढच्या दोन रांगा नीट दिसतात, आणि संध्याकाळी कोण चुकलं ते आठवत नाही. इथे नोंद राहते. दुसरं, मागे बसणारं लाजरं मूल शेजारच्याची पाटी बघून लिहितं. कार्डांच्या चौकटी प्रत्येकाच्या वेगळ्या आणि अक्षरं बारीक, त्यामुळे बघून उपयोग नाही.

मांडवी_ते_मकरपुरा
सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण करून पाहिलं, 1906 मध्ये सगळ्या राज्यात आणलं. 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनना बोलावून ग्रंथालयं उभी केली, पेट्यांतून पुस्तकं गावोगाव पाठवली. त्यांच्या गावात नव्या साधनाला नाकं मुरडता?

रावपुऱ्याचा_बाप
प्रत्येक वादात महाराजांना आणू नका. पेटी सरकारच्या खर्चाने गावात जायची. इथे नेटचा रिचार्ज बापाने मारायचा.

आजी_कारेलीबाग
माझं दुःख वेगळं आहे. नातू इंग्रजी माध्यमात. गुजराती भाषा शाळेत शिकतो, मराठी घरात. वाढदिवसाला मला मराठीत पत्र लिहिलं. एका अक्षराला शिरोरेषा नाही! आणि 'ख' गुजराती. फोनवर मात्र सुंदर मराठी पाठवतो, कारण रेघ फोनच देतो. तुमची साधनं मुलांना हात देतात की हात काढून घेतात?

मोडी_वाचक
आजी, शिरोरेषेचं एवढं मनावर घेऊ नका. आपल्याच मोडीत आधी पानभर रेघा आखायचे आणि खाली अक्षरं लिहीत जायचे. बडोदा राज्याची जुनी दप्तरं बघा. गुजराती लिपी तर व्यापाऱ्यांच्या जलद लिहिण्यातून रुळली, 'वाणियाशाई' म्हणायचे तिला. रेघ सोडली म्हणून गुजरातीचं काही बिघडलं नाही.

आजी_कारेलीबाग
तुम्ही लिपीचा इतिहास सांगता, मी नातवाबद्दल बोलते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' हे आपल्याकडे वरच्या रेघेतल्या फटीने ओळखायचे. रेघ नसली की मी पत्र अंदाजाने वाचते. आज रेघ गेली, उद्या 'ळ' जाईल.

मोडी_वाचक
'ळ' गुजरातीत आहे. निदान तेवढं तरी तपासून लिहा.

पाटी_पेन्सिल
मोडी_वाचक, आजींशी असं बोलायचं नाही. त्या बरोबर सांगतायत. दोन्ही लिप्या एकदम शिकणाऱ्या मुलांच्या वह्या मी तपासल्या आहेत. 'च', 'ज', 'झ', 'फ', 'ब', 'ल' सगळ्यांची सरमिसळ होते. 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत सक्तीचं, आणि ते योग्यच आहे, इथे राहायचं तर यायलाच हवं. पण मराठीसाठी घराशिवाय कोणी उरलं नाही. एका वर्षी मी लाल रेघांच्या वह्या करून घेतल्या होत्या, अक्षरं रेघेला लटकवायची. तीन महिन्यांत हात बसला.

मोडी_वाचक
बोलण्याचा सूर चुकला, आजी. भ-म आणि ध-घ चा मुद्दा खरा आहे. मी मोडीच्या बाजूने बघत होतो.

सुरसागरकाठ
मूळ विषयाकडे येऊ का? बाई, मुलांची नावं परदेशी कंपनीला दिलीत का? 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो.

तिसरीच्या_बाई
नावं टाकलीच नाहीत. कार्ड क्रमांक हाच हजेरी क्रमांक. पालकसभेत कार्ड दाखवून सांगितलं होतं.

@आजी_कारेलीबाग माझ्या वर्गातही 'ख' ची तीच गत आहे. कार्डाने ओळख तपासता येते, हात बसत नाही. त्याला @पाटी_पेन्सिल यांची लाल रेघच लागेल. सर, दोन रेघांत अंतर किती ठेवायचात?

पाटी_पेन्सिल
पहिला महिना दीड बोट, मग एक. आणि ती कार्डं लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइट चमकली तर कॅमेरा काय वाचणार? जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा. पाटी अजूनही बरी, हे माझं मत बदललेलं नाही.

रावपुऱ्याचा_बाप
कागदाची कार्डं आणि फोन बाईंकडे, त्याला माझा विरोध नाही. कालचं वाक्य सरसकट लिहिलं, ते मागे घेतो. पण साडेनऊच्या गृहपाठाचं कोणीच बोललं नाही.

तिसरीच्या_बाई
मीही दोनदा संध्याकाळी सातनंतर पाठवला आहे, वर्गात लिहून द्यायचा राहिला म्हणून. पुढे राहिला तर त्या दिवशी गृहपाठ नाही. फोटोही मागणार नाही, वही सकाळी बघते. तुमच्या मुलीच्या शाळेत हे पालकसभेत मांडा. एकट्याने नको, चार-पाच जण मिळून जा.