टेक्सासच्या रँचवरची हरणाची शिकार : वाटाड्याला पैसे नेमके कशाचे?

रानगवत
टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी. त्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची शिकार तिथे बहुधा कुणाच्या तरी रँचवर पैसे भरून, वाटाड्याबरोबरच होते. त्याला माझा विरोध नाही. पण आठ फूट उंच जाळीच्या कुंपणाच्या आत, शिंगांच्या इंचांवर दर लावून जे चालतं ती शिकार नव्हे, खरेदी आहे.

गुरांसाठीचं चार फुटी कुंपण हरीण उभ्या उभ्या ओलांडतं. आज दिसलेला नर उद्या शेजारच्या रानात. उंच जाळीत मात्र प्रत्येक नराचे कॅमेऱ्यातले फोटो, अंदाजे वय, शिंगांचा स्कोअर (मापांची बेरीज) सगळं आधीच हातात, आणि दरपत्रक त्यावरूनच बेतलेलं. विक्रमी शिंगांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब अशी कोंडलेली हरणं आपल्या नोंदवहीत घेत नाही, ते उगाच नाही.

त्यात भर म्हणजे आमिषाला मक्याचं पिंप. दोनशे लिटरचं, तीन पायांवर, तळाला बॅटरीवर फिरणारी चकती. उजाडताना आणि दिवस मावळताना टायमर काही सेकंद दाणे उधळतो. शंभर यार्डांवर पेटीसारख्या ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या खोपीत, खुर्ची टाकून आपण. टेक्सासात हे कायदेशीर आहे, पण यात शिकाऱ्याचं काय?

मक्याचा_दाणा
सहमत नाही. कुंपणाची उंची सांगून काय कळतं? आत दोनशे एकर आहेत की दहा हजार, ते सांगा. दक्षिण टेक्सासमधलं रान म्हणजे निवडुंग आणि मेस्किट, आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. अशा दाटीत दहा हजार एकरांतलं हरीण बहुधा जाळीपर्यंत पोचतही नाही. दोनशे एकरांचा गोठा असेल तर तुमचं म्हणणं बरोबर.

आणि मका टाकतात तो नीट पाहून घ्यायला. बऱ्याच काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांत) नर मारायचा तर निदान एक शिंग बिनफाट्याचं हवं, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर किमान १३ इंच हवं. ते ताडायचं टवकारलेल्या कानांच्या टोकांशी. त्यावरून अंदाज, तोही हरीण समोरून पाहत असताना. चालत्या हरणावर हा हिशोब हमखास चुकतो. पिंपाखाली ते दोन मिनिटं थांबतं.

आयतं मिळतं म्हणाल तर तसंही नाही. दोन-चार आठवडे बार ऐकले की जुने नर पिंपाकडे अंधारातच येतात, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याची वेळ संपलेली असते.

ओढ्याकाठी
जाळी आणि मका यांवर वाद घालताय, रोग विसरलात. सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा आजार. प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, लाळेतून-मुतातून मातीत उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतो. टेक्सासात २०१२ साली पश्चिम टोकाच्या म्यूल या दुसऱ्या जातीच्या हरणांत सापडला, २०१५ साली मेडिना काउंटीतल्या पैदासकेंद्रातल्या व्हाइटटेलमध्ये. म्हणून रँचवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: बाहेरून विकत आणलेली हरणं सोडली आहेत का? मोठ्या शिंगांसाठी ट्रकमधून हरणं हलवण्याचा जो धंदा आहे, माझा आक्षेप त्याला आहे.

घशामागच्या लसिका ग्रंथी काढून तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मटण वेगळं ठेवा. माणसाला लागण झाल्याचं अजून दिसलेलं नाही, तरी रोगी निघालेलं हरीण खाऊ नये असाच अधिकृत सल्ला आहे.

रानगवत
अशी आणलेली हरणं सोडतात ती जाळीतच. म्हणजे माझ्याच बाजूचं बोललात की!

मक्याचा_दाणा
कसलं? विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हा रोग मोकळ्या रानातल्या हरणांतच सापडला होता. तोंडं एकाच जागी लागतात म्हणून मक्यावर आक्षेप घ्या, तो मान्य. सगळा दोष जाळीवर ढकलू नका.

माग
वाटाड्याची किंमत बार झाल्यावर कळते. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: अर्ध्या तासाने निघा, हरीण जवळच पडलेलं असतं. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत, मग काही तास थांबा. हिरवट आणि घाण वास आला तर आतडं, तिथे घाईने मागे लागलात की हरीण उठून पार नाहीसं होतं. नवखा माणूस नेमका इथेच धावतो. दक्षिणेत नोव्हेंबरातही दुपार तापते, म्हणून सापडल्याबरोबर कोथळा काढून शीतगृहात टांगायला हवं. रँचवर तशी खोली आहे का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा.

‘रक्त दिसलं की हरीण तुमचं’, म्हणजे जखमी होऊन निसटलं तरी पैसे पूर्ण, अशी अट करारात असते. लोक तिला लूट म्हणतात. मला ती योग्य वाटते. तिच्यामुळेच लांबचे, बेभरवशाचे बार टळतात.

टेक्सासवासी
एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांसाठी. राज्याचा चालू शिकार परवाना खिशात नसेल तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वाटाड्याने हातात दिलेली बंदूकही त्यात आली. परराज्यातल्यांना ३१५ डॉलरचा सर्वसाधारण परवाना लागतो. ४८ डॉलरचा पाच दिवसांचा हरणाला चालत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी तोच घेऊन येतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर शिकार-शिक्षणाचा कोर्सही हवा.

ठिपके
मग चितळ का नको? १९३२ साली टेक्सासात आणलेलं आपलंच चितळ आज मध्य टेक्सासातल्या डोंगराळ हिल कंट्रीत मोकाट फिरतं. परदेशी प्राणी म्हणून त्याला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. परवाना मात्र लागतोच. ते पाला संपला की गवतावर भागवतं. व्हाइटटेलला गवतावर जगता येत नाही, त्यामुळे उपासमार त्याच्याच वाट्याला येते. इंचांचा सोस नसेल तर वाटाड्याला पैसे चितळ कमी करण्याच्या या कामासाठी द्या.

रानगवत
चितळाचं पटलं. व्हाइटटेलच हवं असेल तर मादीची शिकार घ्या. नराच्या मानाने बरीच स्वस्त, मटण तेवढंच चांगलं, आणि दरपत्रकात इंच नाहीत.

माग
घ्या, पण पिंपाखाली एकटंच आणि सगळ्यांत आधी आलेलं बिनशिंगी हरीण बघून बार टाकू नका. ते पुष्कळदा त्याच वर्षीचं नर पाडस निघतं: तोंड आखूड, अंग चौकोनी, शिंगांच्या जागी नुसते उंचवटे. मोठ्या मादीचं तोंड लांबट, अंग आयताकृती. दोन-तीन हरणं शेजारी उभी राहीपर्यंत थांबा, फरक मग दिसतो.