अनुभव धागा : गच्चीवरचं बार्बेक्यू आणि तब्येतीला मानवणारं खाणं

एप्रिल-मे आला की पुण्यात संध्याकाळी गच्च्या भरतात. ऊन उतरून वारं सुटलं की कोणीतरी कोळशाची शेगडी पेटवतं, नाहीतर सगळे पानशेत-मुळशीकडे एखाद्या फार्महाउसवर निघतात. मेनू बहुतेक ठरलेला : तंदुरी चिकन, बटर लावलेला पाव, वेफर्स, कोला, शेवटी आइस्क्रीम. आणि घरटी कुणाला तरी शुगर, कुणाला बीपी. तुम्ही अशा पार्टीत काय बदललंत, लोकांनी ते आवडीनं खाल्लं का, ते सविस्तर लिहा. माझं मत आधीच सांगते : ताट समोर आल्यावर संयम पाळणं फार अवघड. खरा निर्णय मंडईत पिशवी भरतानाच होतो.

बावधनकर
आमच्याकडे शेगडीवर पहिला मान वांग्याचा. भरताचं वांगं हाताला हलकं लागेल असं निवडायचं, तेलाचं बोट फिरवायचं, सुरीनं टोचे मारायचे आणि थेट निखाऱ्यावर ठेवायचं. साल काळी पडून तडकते, देठापाशी रस फसफसतो, मग उतरवून झाकून ठेवते. थोड्या वेळानं साल अलगद सुटते. त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं दाण्याचं कूट आणि घट्ट दही. फोडणी घालतच नाही, धुराचा वास पुरतो. ज्वारीच्या भाकरी पोळी-भाकरी केंद्रातून आदल्या दिवशी सांगून ठेवते. चिकन भाजून होईपर्यंत मंडळींनी भरीत-भाकरीवर ताव मारलेला असतो. मग प्रत्येकाला चिकनचे एक-दोन तुकडे पुरतात आणि कुणालाच काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

संध्याकाळचा फेरफटका
मला टाइप 2 डायबेटीस आहे. रात्री पार्टी आहे म्हणून दुपारचं जेवण मी कधीच टाळत नाही. काही औषधांवर उपाशी राहिलं तर शुगर खाली जाते, आणि भुकेल्या पोटी समोर येईल ते खाल्लं जातं. आधी काकडी-टोमॅटो, मग पनीर किंवा चिकन, भाकरी सर्वांत शेवटी, हा क्रम मला मानवला. हापूस सोडलेला नाही! अर्ध्या आंब्याच्या फोडी घेतो, आमरस घेत नाही. फोड चावावी लागते, हात आपसूक थांबतो. रसाच्या वाटीत किती आंबे गेले कळतच नाही. आणि आंबा खाल्ला त्या दिवशी आइस्क्रीम बंद.

हडपसरची आई
मुलांसाठी लिहिते. कोलाच्या लेबलवर 100 मिलीला 10 ग्रॅमच्या वर साखर दिसते, म्हणजे 300 मिलीची एक बाटली 30 ग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही अशी वरची साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. मी कोला आणतच नाही. माठात ताक, त्यात पुदिना आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. शिवाय ताडगोळे आणि कलिंगड. ताडगोळे मुलांनीच सोलायचे असं ठरलंय, पाणी अंगावर उडतं म्हणून त्यांना तेच खाण्याहून जास्त आवडतं. पन्ह्याबद्दल एक : गुळाचं केलं म्हणून ते बिनसाखरेचं होत नाही. पेला लहानच द्या.

फूड टेक्नॉलॉजीवाला
पौष्टिक खाण्याइतकंच ते न बिघडलेलं असणं महत्त्वाचं, आणि पुण्याच्या मे महिन्यात जास्तच. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. दुपारी फार्महाउसवर जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मसाला लावलेलं चिकन बर्फाच्या डब्यात न्या. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर फासू नका. चिकन आतून 74 अंशांपर्यंत शिजायला हवं. साधा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो.

औंधहून
वरच्या माहितीत भर. मांस जाळावर करपलं की त्यात घातक रसायनं तयार होतात, चरबी निखाऱ्यावर टपकून उठणाऱ्या धुरातही ती असतात. म्हणून ज्वाळा विझून निखाऱ्यावर राख धरली की मगच जाळी ठेवतो. तुकडे लहान, मसाला दही-लिंबाचा, सतत उलटत राहायचं, करपलेला भाग काढून टाकायचा. सॉसेज-सलामी पूर्ण बंद केली. प्रक्रिया केलेलं मांस 2015 मध्ये कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत गेलं, एवढं कारण मला पुरलं. त्याऐवजी केळीच्या पानात बांगडा.

बीपीवाली
पापड, लोणचं, सॉस, चाट मसाला, चारही मिठाचे. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर. कणसाला लिंबू आणि तिखटच लावते.

सहकारनगरची सून
सगळं खरं, पण आग्रहाचं काय? आमच्याकडे ‘अगं, एवढ्यानं काय होतंय’ म्हणत वाढणारे प्रेमानंच वाढतात. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि शुगर असलेल्या माणसाला चारचौघांत आपलं दुखणं सांगावं लागतं. ते मला फार लागतं. म्हणून आम्ही वाढणंच बंद केलं. टेबलावर सगळं मांडून ठेवतो, सॅलड आणि ताक सुरुवातीला, गोड अगदी दुसऱ्या टोकाला, ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं. सासूबाईंना आधी हे रुचलं नव्हतं. आता त्या आग्रह करतात तो कोशिंबिरीचा, आणि त्यांच्या हातच्या काकडीच्या खमंग कोशिंबिरीला कोणी नाही म्हणत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गच्चीवर जमतोय. बावधनकर, तुमचं भरीत करणार आहे. दही गार घालायचं की नेहमीचं, तेवढं सांगा.