मदत हवी आहे: एसएमपीएसचं (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं) १२ व्होल्ट लोडवर ११.४८ येतंय, चालवू की बदलू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका (मराठी-कन्नड दोन्ही), झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज असली कामं. दुकानातला कॉम्प्युटर संध्याकाळी मध्येच रिस्टार्ट होतोय. दिवसा कितीही राबवा, काही होत नाही. जिथनं घेतला ते म्हणतात एसएमपीएस गेला, बदला. बदलेन, पण ऐन लगीनसराईत पैसे घालून पुन्हा तेच रडगाणं नको.

एसएमपीएस ४५० वॅटचा, कॅबिनेटबरोबरच आलेला. ग्राफिक कार्ड मागाहून घातलंय. मल्टीमीटर डीसी २० वर ठेवून, काळी प्रोब काळ्या वायरीवर धरून मोजलं:

पिवळी (१२ व्होल्टची): नुसतं चालू असताना ११.७१, कार्डावर लोड दिला की ११.४८
लाल (५ व्होल्टची): ५.०६, लोडवर ५.०३
नारिंगी (३.३ व्होल्टची): ३.३२

सॉफ्टवेअर मात्र १२ व्होल्टच्या जागी ८.२ दाखवतंय! खरं कुणाचं धरायचं? आणि ११.४८ नं मदरबोर्डला धोका आहे का? आणखी एक, कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की चिणचिण होतं. चप्पल घातली की कमी. जाणकारांनी बघून सांगा की.

प्रतिसाद (निपाणीहून):
दादा, ८.२ विसरून जा. खरंच तेवढं असतं तर मशीन सुरूच झालं नसतं. ती सॉफ्टवेअरं बोर्डावरच्या सेन्सरचा आकडा अंदाजानं वाचतात. मल्टीमीटरवर भरवसा ठेवा, फक्त त्याचा सेल उतरलेला नको.

एटीएक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचं ठरलेलं मानक, त्याच्या नियमात १२, ५ आणि ३.३ या तिन्हींना पाच टक्के सूट आहे. म्हणजे पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. तुमचे सगळे आकडे आत बसतात. ११.४८ अगदी काठावर आहे, पण त्यानं बोर्ड जळत नाही. बोर्डाला खरी भीती व्होल्टेज वर गेल्याची. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, रिपल (व्होल्टेजमधला बारीक, जलद चढउतार) दाखवत नाही. १२ व्होल्टवर तो १२० मिलिव्होल्टच्या आत हवा, पण ते बघायला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो.

मला शंका भिंतीतल्या लाईटची आहे. फक्त संध्याकाळीच का होतंय? मीटर एसी ७५० वर घेऊन सॉकेट मोजा, सकाळी एकदा आणि रिस्टार्ट होतंय त्या वेळेला एकदा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही. हात बसलेला नसेल तर वायरमनकडून करून घ्या. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट काय लिहिलंय तेही बघा. आणि तो उघडू मात्र नका, आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास असतात, प्लग काढला तरी लगेच उतरत नाहीत.

धागाकर्ता:
वायरमनला बोलावून मोजलं. सकाळी २२८. संध्याकाळी शिवारात मोटारी चालू झाल्या की १७८! स्टिकरवर २००-२४० लिहिलंय. आणि सकाळी फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ १०९. हे काय प्रकरण?

प्रतिसाद (निपाणीहून):
मग चोर सापडला. १७८ वर तो एसएमपीएस त्याच्या हद्दीबाहेर चाललाय, त्यात लाईट जरा झपकली की रिस्टार्ट. बूस्ट करणारा, म्हणजे कमी आलेलं व्होल्टेज वाढवून देणारा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, घेताना किती खालच्या व्होल्टेजपर्यंत चालतो ते विचारून घ्या. २२८ असतानाही बंद पडायला लागला तर एसएमपीएस बदला, त्याआधी नको.

पण पहिलं काम अर्थिंगचं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर यायला नको. तुमच्यात अर्धं व्होल्टेज इकडं, अर्धं तिकडं, म्हणजे अर्थची पिन कुठं जोडलेलीच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा करंट जायला वाट नसली की कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. चिणचिण त्याचीच. ती स्वतः किरकोळ, पण उद्या आत फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडणार नाही, माणूस उडेल. दुकानात झेरॉक्सला लहान पोरं येतात ना?

धागाकर्ता:
येतात की. उद्याच काढतो काम. इथं सगळा जांभा आहे, नुसता रॉड ठोकून भागेल का?

प्रतिसाद (निपाणीहून):
जांभ्यात नाही भागत, उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो. खड्डा मोठा काढा, कोळसा-मिठाचे थर द्या, वर शेतातली काळी माती भरा आणि पाणी घालायला पाइप ठेवा. झालं की न्यूट्रल-अर्थ परत मोजून इथं टाका.