बेडसाइड सोनोग्राफी शिकायचीये, वीकेंड कोर्स करू की कोणाच्या तरी मागे लागू?

नाइटवाला_रजिस्ट्रार
नमस्कार मंडळी. मी मेडिसिनचा सेकंड इयर, मुंबईतलं एक ट्रस्ट हॉस्पिटल, इमर्जन्सी आणि आयसीयू आलटून पालटून. परवा रात्री तीनला एक काका आले, साठीचे, बोलताही येत नव्हतं इतका दम, सॅच्युरेशन ८२, छातीत दोन्हीकडे आवाजच आवाज, आता हे हार्ट फेल्युअर का सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार) का न्यूमोनिया, पोर्टेबल एक्सरेवाला येईपर्यंत मी लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) देऊ का नेब्युलायझर लावू ह्यातच गटांगळ्या खात होतो. दुसऱ्या युनिटची सिनियर आली, छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, दोन मिनिटांत म्हणाली दोन्हीकडे बी लाइन्स (स्क्रीनवरच्या उभ्या पांढऱ्या रेषा, बहुतेकदा फुप्फुसातल्या पाण्याच्या) भरल्यात, हार्टपण ढिलं चाललंय, लॅसिक्स दे. काका सकाळी चहा मागत होते.
तर आता मलाही हे यायला हवंय. दोन दिवसांचा कोर्स करू का? का सरळ खिशात मावणारा प्रोब घेऊ, मोबाईलला लावायचा? दुबईचा मित्र आणून देतो म्हणतोय.

रेडिओताई
थांब रे बाबा, आधी त्या मित्राला फोन करून नाही म्हण. खिशातला असो नाहीतर ट्रॉलीवरचा, कायद्याच्या दृष्टीने ते सोनोग्राफी मशीनच. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा, रजिस्ट्रेशन नसलेल्याला मशीन विकणंसुद्धा गुन्हा आहे. आणि "मी फक्त फुप्फुस बघतो, गरोदर बाई बघतच नाही" हे कोणी ऐकून घेत नाही. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद. हॉस्पिटलचं रजिस्ट्रेशन ज्या मशीनवर आहे त्यावरच शिक, आणि तुझं नाव त्यात घालायचं का, कसं, हे रेडिओलॉजीच्या हेडना आणि प्रशासनाला आधी विचार. आम्ही रेडिओलॉजीवाले खडूस वाटतो ते उगाच नाही, सील लागलं की आमचंही काम बंद.

परळचा_भाऊ
ताईंचं बरोबर. पण मूळ प्रश्न कोर्सचा आहे ना. मी दोन वेळा कोर्स केला, दोन वेळा विसरलो. शनिवार-रविवार हॉटेलात धडधाकट मॉडेल मुलांवर प्रोब फिरवायचा, त्यांचं सगळंच छान दिसतं, सर्टिफिकेट मिळतं, जेवण झकास. सोमवारी वॉर्डात गेलो तर पेशंट १२० किलोचा, पोट फुगलेलं, बसवता येत नाही, आणि स्क्रीनवर नुसता बर्फ. त्यानंतर महिनाभर हातच लावला नाही. कोर्स वाईट नसतात, पण त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझे फोटो बघणारं कोणी नसेल तर पैसे वाया.

इंग्लंडमध्ये सोसायटी फॉर अ‍ॅक्युट मेडिसिनने फेमस नावाचं ट्रेनिंग ठेवलंय (हो, नाव तेच, हसू नका), तिथे कोर्स ही नुसती सुरुवात, नंतर देखरेखीखाली स्कॅन, लॉगबुक आणि शेवटी परीक्षा. अमेरिकेतल्या इमर्जन्सीवाल्यांचाही हिशोब असा की एकेका गोष्टीसाठी कोणीतरी तपासलेले २५ ते ५० स्कॅन. तपासलेले, हे महत्त्वाचं. स्वतःच स्वतःला शाबासकी देऊन ५० केलेले नाहीत.

नाइटवाला_रजिस्ट्रार
बापरे. एकेका गोष्टीला ५० म्हणजे माझं एमडी संपेल. सुरुवात कुठून करू? सिनियर म्हणते हार्टने कर.

सायनची_आयसीयूवाली
फुप्फुसाने कर, ऐक माझं. हार्टची खिडकीच (प्रोब ठेवून हृदय नीट दिसेल अशी जागा) मिळत नाही नवख्याला, निराश होशील. फुप्फुसात दोन बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवला की प्लुरा (फुप्फुसावरचं पातळ आवरण) सरकताना दिसते, एका जागेत तीन किंवा जास्त बी लाइन्स दिसल्या की काहीतरी गडबड. लिक्टेनस्टाइनने २००८ मध्ये दम लागलेल्या पेशंटसाठी ब्लू प्रोटोकॉल छापला, तो एकदा बसून वाच, तुझ्या काकांचं सगळं त्यात आहे. पण बी लाइन म्हणजे लॅसिक्स असं पाठ करू नकोस, न्यूमोनियात, एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना आलेली तीव्र सूज), फायब्रोसिसमध्येही (फुप्फुसं कडक होणं) दिसतात.

आणि आपल्याकडची एक मेख. प्लुरा सरकत नाही म्हणून लगेच न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा) म्हणून सुई घालायला धावू नकोस. आपल्याकडे जुन्या टीबीने प्लुरा चिकटलेली माणसं किती आहेत बघ. लंग पॉइंट (सरकणारी आणि न सरकणारी प्लुरा जिथे भेटते ती जागा) दिसला तर ठाम बोल. मी एकदा जवळजवळ सुई घातलीच होती, सिस्टरने जुनी फाइल पुढे केली म्हणून वाचले. तिला अजून वडापाव देणं लागते मी.

परळचा_भाऊ
आणि पावसाळा वाया घालवू नकोस. जुलैपासून डेंग्यूने वॉर्ड भरले की पोटातलं पाणी, उजवीकडचं छातीतलं पाणी आणि पित्ताशयाची सुजलेली भिंत, तिन्ही एकाच पेशंटमध्ये शिकायला मिळतं. फक्त ती ३ मिमीच्या वर गेलेली भिंत बघून सर्जनला रात्री उठवू नकोस, प्लेटलेट आधी बघ. मी उठवलंय. त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या.

सायनची_आयसीयूवाली
हाहा. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घालायच्या नळीच्या) सरावाला घरीच जेली कर. जिलेटिन घट्ट करायचं, त्यात इसबगोल टाकायचा म्हणजे स्क्रीनवर मांसासारखं करडं दिसतं, मधे पाण्याने भरलेला लांबट फुगा. सुईचं टोक शोधायची सवय ह्यावर लागते. घरच्यांना आधी सांगून ठेव, माझ्या सासूबाईंनी ते फ्रीजमधलं पुडिंग समजून कापलं होतं.

रेडिओताई
अजून एक. क्लिप सेव्ह करताना नाव-नंबर काढ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "हे काय आहे?" म्हणून फिरवू नकोस. आणि आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी मोठी शीर) बघून सलाइनचा निर्णय घेणाऱ्यांवर माझा राग आहे, अर्ध्यांनी एऑर्टाच (शेजारची मुख्य धमनी) मोजलेली असते. आयव्हीसी हृदयाच्या उजव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) शिरताना दाखव, मग बोलू.

नाइटवाला_रजिस्ट्रार
ताई, खूपच मनावर घेतलं. कोर्स सध्या रद्द, दुबईवालाही रद्द. आमच्या रेडिओलॉजीच्या मॅडमना भेटलो, आधी पाच मिनिटं झापलं, मग म्हणाल्या मंगळवार-शुक्रवार दुपारी तीनला ये, आठवड्याच्या क्लिप्स बघू, आणि माझ्या नावाचं काय करायचं ते प्रशासनाला विचारून त्याच कळवणार आहेत. तोवर मी फक्त त्यांच्या शेजारी उभा राहून बघणार. आज पहिला दिवस. त्यांनी प्रोब हातात दिला आणि विचारलं खूण कुठल्या बाजूला आहे, तर मी उलटा धरला होता.