मदत हवी आहे : दिंड्यांच्या चहासाठी कागदी कप की स्टीलची फुलपात्रे?

नमस्कार. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वर येथे भरणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी निघालेल्या अनेक दिंड्या नाशिक शहर ओलांडून सातपूरमार्गे त्र्यंबक रस्त्याला लागतात. आमची गृहनिर्माण सोसायटी या रस्त्यालगत असून सकाळच्या वेळी वारकऱ्यांना चहा देण्याचा उपक्रम सभासद चालवतात. आजवर त्यासाठी कागदी कप आणले जात. यंदा स्टीलची फुलपात्रे वापरावीत असा प्रस्ताव कार्यकारिणीसमोर आला असून त्याची व्यवहार्यता तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. पर्यावरणाबद्दलची कळकळ सर्वांनाच आहे, तेव्हा त्यावर चर्चा नको. मोठ्या प्रमाणावर भांडी देणे, परत घेणे आणि धुणे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मी आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. प्लॅस्टिकच्या कपांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून त्यांच्यावर बंदी आहे. कागदी कपाला मात्र आपण उगाच निर्दोष समजतो. द्रव झिरपू नये म्हणून त्याच्या आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो आणि राज्य शासनाने जुलै २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीत असे आवरण असलेले कप व ताटल्याही बंदीच्या कक्षेत आणल्या. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात पंधरा मिनिटे राहिले तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरतात. वारकरी चहा पंधरा मिनिटे हातात धरून बसत नाही हे मान्य, परंतु आमच्याकडे कप आधीच भरून परातीत मांडून ठेवण्याची पद्धत असल्यामुळे ही वेळ अगदीच अशक्य नाही. शिवाय तो थर कागदापासून वेगळा करावा लागत असल्याने साध्या रद्दीबरोबर हे कप चालत नाहीत, आणि चहाने भिजलेला कप घंटागाडीत ओला म्हणून टाकावा की सुका, यावर आमच्या सोसायटीत अजून एकमत झालेले नाही.

एका विक्रेत्याने मक्यापासून केलेल्या, ‘विघटनशील’ म्हणवल्या जाणाऱ्या आवरणाचे कप सुचवले. हे पॉलिलॅक्टिक आम्ल साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि त्याचे विघटन होण्यासाठीही तेवढेच तापमान टिकवणारा मोठा खत प्रकल्प लागतो. सोसायटीच्या बागेतील खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहील. कुल्हडही चर्चेत आला. एकदा भट्टीत भाजलेली माती पुन्हा शेतातली माती होत नाही, आणि एका घोटभर चहासाठी माती व जळण दोन्ही खर्ची घालणे मला तरी पटत नाही.

आता उरले स्टील. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचे मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये कपांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला होता. त्यानुसार कागदी कपाशी बरोबरी साधण्यासाठी चिनी मातीचा कप ३९ वेळा, पुनर्वापराचा प्लॅस्टिकचा कप १७ वेळा आणि काचेचा पेला १५ वेळा वापरावा लागतो; थर्माकोलच्या कपाशी तुलना केली तर चिनी मातीच्या कपासाठी हाच आकडा १,००६ वर जातो. या हिशेबात भांडी गरम पाण्याच्या यंत्रात धुतली जातात असे गृहीत धरले होते, आणि धुण्याची ऊर्जा थर्माकोलचा कप तयार करण्याच्या ऊर्जेच्या इतकी जवळ होती की, त्यामुळेच तो आकडा एवढा फुगला. त्यात स्टील नव्हते आणि बादलीत हाताने विसळणारा आपला देशही नव्हता. मंगल कार्यालयातून भाड्याने आणलेले फुलपात्र शेकडो पंगतींत आधीच वापरले गेलेले असते, म्हणून त्याच्या निर्मितीची ऊर्जा आमच्या खात्यावर नगण्यच पडेल असे मला वाटते. आमचा खरा खर्च पाणी आणि मनुष्यबळ हा आहे.

माझे गणित असे : दोन तासांत सुमारे दीड हजार चहा, म्हणजे मिनिटाला साडेबारा. फुलपात्र दिल्यापासून धुऊन परत वाटपाच्या टेबलावर येईपर्यंत वीस मिनिटे धरली, तर फेऱ्यात अडीचशे फुलपात्रे असावी लागतील. त्यावर शंभर राखीव. माझे प्रश्न असे की, हे गणित बरोबर आहे का, नळाची जोडणी नसताना रस्त्याकडेला भांडी खात्रीशीर स्वच्छ कशी करावीत, आणि थांबायला वेळ नसलेल्या वारकऱ्याच्या हातून फुलपात्र परत कसे मिळवावे? धुण्याचे पाणी रस्त्याच्या पावसाळी गटारात सोडायचे नाही, कारण ते पुढे नासर्डीत आणि तेथून गोदावरीत जाते; त्यामुळे तेही कोठे न्यावे, हे सुचवावे.

प्रतिसाद १

आपले सरासरीचे गणित चुकीचे नाही, पण दिंडी सरासरीने येत नाही. अर्धा तास रस्ता मोकळा असतो आणि मग तीनशे माणसे एकदम समोर उभी राहतात. त्यामुळे फुलपात्रांची संख्या मिनिटावर न ठरवता सर्वांत मोठ्या दिंडीवर ठरवावी आणि तिच्या दीडपट संख्या हाताशी ठेवावी. धुणे दोन दिंड्यांच्या मधल्या वेळात उरकते. आमच्या मंडळाने रामनवमीच्या प्रसाद वाटपात हेच पाळले.

दिंडीचालकांना आदल्या मुक्कामावर निरोप पाठवून आपल्या फाटकाजवळ पाच मिनिटांचा विसावा ठरवून घ्या. विसावा ठरला की परतीचा अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी भांडी गोळा करण्याचे घमेले चहाच्या टेबलाशी न ठेवता शंभर पावले पुढे, त्याच बाजूला ठेवा आणि तेथे एक माणूस उभा करा, कारण चहा संपतो तो चालतानाच. माणूस टाळ गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी फुलपात्र धरतो आणि पुढे घमेले दिसले की आपणहून ठेवतो. ते न दिसल्यास मात्र मागे वळून येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

अनेक वारकऱ्यांच्या पिशवीत स्वतःचा पेला किंवा छोटा तांब्या असतो. किटली घेऊन दोन माणसे रांगेतून फिरवा आणि आधी तेच भरा.

प्रतिसाद २

मी खाद्यसेवेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून धुण्याविषयी लिहिते. चार टप पुरतील. पहिल्यात उरलेला चहा ओतून भांडे गार किंवा कोमट पाण्याने विसळावे. दूध लागलेले भांडे थेट कडकडीत पाण्यात घालू नये, कारण दुधातील प्रथिने उष्णतेने त्यावर चिकटून बसतात आणि मग कितीही घासले तरी कडेला साय राहते. दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, चौथ्यात निर्जंतुकीकरण. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे किमान ७७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीस सेकंद बुडवणे, आणि दुसरा क्लोरीनचा : पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे दोन मिलिलिटर एका लिटरमध्ये घातले की लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते, त्यात एक मिनिट ठेवावे. अस्वच्छ पाण्यात क्लोरीन मळाशीच झुंजत संपून जाते, म्हणून तिसरा टप वारंवार बदलावा. स्टील या द्रावणात तासन्‌तास भिजत ठेवल्यास त्यावर खड्डे पडतात.

आपल्याकडे चहाची शेगडी पेटलेलीच असणार, तेव्हा मी गरम पाण्याचाच मार्ग निवडेन. क्लोरीनचा वास चहाला लागला तर वारकरी बोलून दाखवणार नाहीत, पण दुसऱ्यांदा घेणारही नाहीत. तारेच्या टोपलीत फुलपात्रे भरून टोपलीच बुडवावी, एक तापमापक जवळ ठेवावा आणि फडक्याने न पुसता जाळीवर उपडी घालून वाळू द्यावीत. एकच फडके शंभर भांड्यांवर फिरले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. साबणाचे पाणी जमिनीवर न ओतता पिंपात साठवून सोसायटीच्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये न्यावे. केवळ विसळलेले पाणी चोथा गाळून झाडांना चालते.

भांड्यांविषयी एक सूचना. भांडी बाजारात पितळी पेले दिसायला सुरेख मिळतात, परंतु कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत लिंबाचा किंवा कोणताही आंबट चहा देऊ नये. मेलामाइनचे कपही उकळत्या चहासाठी टाळावेत. पसरट काठाचे स्टीलचे फुलपात्र अर्धेच भरले तर काठ धरता येतो, आणि निफाडकडून आलेल्या मंडळींना पौषातल्या थंडीत ते भाजले तरी तक्रार नसते!

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सरासरीऐवजी सर्वांत मोठ्या दिंडीचा विचार करण्याचा मुद्दा कार्यकारिणीला कळवला आहे आणि पुढचे घमेले नकाशावर आखून घेतले आहे. त्या हिशेबाने साडेचारशे फुलपात्रे लागतील. मंगल कार्यालये एवढी एकगठ्ठा संख्या लग्नाच्या मोसमात सोडतील का, आणि अनामत रक्कम नगावर घेतात की पेटीवर, हे नाशिकमधील कोणास ठाऊक असल्यास कळवावे. चेंबरपर्यंत पिंप नेण्यासाठी चाकांची गाडी कोणाकडे असेल तर तीही हवी आहे.