नाही हो, कृष्णविवर आपल्याला गिळणार नाही!
एकाने विचारलंय की आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर (ज्यातून प्रकाशही सुटत नाही ते ब्लॅक होल) एक दिवस आपल्यालाही ओढून घेईल का. अहो, ते व्हॅक्यूम क्लीनर नाही! वस्तुमान चाळीस लाख सूर्यांएवढं, पण आकार बुधाच्या कक्षेत आरामात मावेल इतका, आणि अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं.

एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो अगदी जवळून गेला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने. म्हणजे सेकंदभरात मुंबई-पुणे पन्नास वेळा, तेही घाटात न अडकता! आणि सुखरूप बाहेर पडला.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपलात तर मध्यरात्रीनंतर दक्षिणेला धनू रास शोधा. ते कृष्णविवर तिकडेच आहे. दिसणार काहीच नाही, तरी मी बघत बसतो.