रिपीटरच्या हॉस्टेलला समुपदेशक पुरे, की सिस्टरही हवी?

मांजराकाठ: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. चांगलंच झालं. पण लातूरसारख्या ठिकाणी, जिथे पोरं नीटसाठी दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसतात, तिथे हॉस्टेलवर सिस्टरही हवीच असं माझं मत आहे. समुपदेशकाकडे गेलं की मेसभर चर्चा होते. डोकं दुखतंय म्हणून सिस्टरकडे जायला कुणालाच लाज वाटत नाही.

परभणीचे अण्णा: साफ असहमत. ७२० पैकी ४५० पडणं हा आजार नाही. पोराला बीपीचा पट्टा बांधून काय साधणार? मार्कांवरून बॅच पाडायच्या, चारचौघांत पाणउतारा करायचा, हे आधी बंद करा. त्याच निकालात न्यायालयाने हेही टाळायला सांगितलंय, ते मात्र कुणी काढत नाही.

सिकरूम: मी एका हॉस्टेलवर सिस्टर आहे. अण्णा, अपयश हा आजार नाही, मान्य. पण ते आधी अंगावर निघतं. एक मुलगी सारखी पित्ताची गोळी मागायला यायची. गोळी देण्याआधी विचारलं: काल काय खाल्लंस, झोपलीस किती वाजता? टेस्टचे मार्क आल्यापासून नाश्ता बंद, रात्रभर चहा, झोप पहाटे. मग सरळच विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. ती म्हणाली, "कधीकधी." त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही, तिच्यासमोरच आईला फोन लावला, दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. पुढे रोज संध्याकाळी भेट. झोपेची वेळ ठरवली, चहा कमी केला, अभ्यास एका दिवसाला एकाच धड्यावर आणला आणि जमतंय का ते दर आठवड्याला तपासून बदलत गेलो. आमच्या शिक्षणात मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

खडूफळा: ताई, तुमचं काम मोठंच आहे. मला धास्ती वेगळी आहे. संस्थाचालक एकच सिस्टर नेमतील, समुपदेशक कागदावर दाखवतील आणि सगळा भार तिच्यावर टाकतील.

सिकरूम: सर, ही भीती खरी आहे. म्हणूनच दोघंही हवेत म्हणते. मी समुपदेशन करत नाही. ओळखणं, सोबत राहणं, योग्य माणसापर्यंत पोचवणं, एवढं माझं. रात्री कुणीच हाताशी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून देते, तो चोवीस तास चालू असतो.

परभणीचे अण्णा: आणि तुमची नोंदवही संचालकांच्या टेबलावर गेली तर? बॅच बदलायला तेवढंच कारण पुरतं त्यांना.

सिकरूम: मागितली होती, दिली नाही. जिवाला धोका असेल तरच, तेही लागेल तेवढंच सांगते.

परभणीचे अण्णा: तुम्ही दिली नाहीत, दुसरी देईल. नोकरी त्यांच्याच हातात आहे. ही अट नेमणूकपत्रात लिहून घ्या, मग मी सिस्टरच्या बाजूने बोलेन. पण त्या बॅचांचा मुद्दा मी सोडलेला नाही.